साडेपाचाचा गळा

आमच्या मास्तरांनी आयुष्यात एकदाही "माझं चुकलं" म्हटलेलं मी ऐकलं नव्हतं. चव्वेचाळीस वर्षं त्यांचं लेडीज टेलरचं दुकान. त्यातली एकेचाळीस मी शेजारच्या स्टुलावर बसून तुरपाई केली, काज-बटणं केली. मला माहीत नाही तर कुणाला असणार? बाही घट्ट झाली तर गिऱ्हाईक जाड झालं. उंची कमी पडली तर कापड आटलं. नाचता येईना अंगण वाकडं म्हणतात, पण ह्या माणसाला उत्तम नाचता येत होतं आणि तरी दरवेळी अंगणच वाकडं! मी चिडवायचे, की उद्या उलटी बाही लावलीत तरी गिऱ्हाइकाचा हातच उलटा म्हणाल. ते हसायचे. बायकाही हसायच्या आणि पुन्हा आमच्याकडेच यायच्या, कारण हातात कसब होतं.

त्यांची एक शिस्त मात्र मानायला हवी. मापाची वही. प्रत्येक ड्रेसची मापं लिहायची आणि बाजूला त्याच कापडाचा बोटभर तुकडा टाचणीनं लावायचा, म्हणजे एकीचं कापड दुसरीच्या नावावर जायला नको. वही भरली की पोटमाळ्यावरच्या ट्रंकेत. मी दर वर्षी म्हणायचे, द्या रद्दीत. ते म्हणायचे, राहू दे.

मी लग्न होऊन आले त्याच्या आदल्या वर्षी ती टेलिफोनवाली गेली होती. टेलिफोन ऑफिसात ऑपरेटर होती, बावीस वर्षांची. सकाळची पाळी संपवून भरदुपारी घरी येताना पाण्याच्या टाकीमागे एका कंत्राटदाराच्या पोरानं तिचा गळा दाबला. सहा महिने तिच्या मागे-मागे फिरत होता, आणि ती त्याला भीक घालत नव्हती. एवढं सगळं उजेडात घडलं, चार जणांनी पाहिलं, तरी कोर्टात चर्चा कशाची झाली, तर तिच्या ड्रेसच्या गळ्याची. वकिलानं तो हिरवा ड्रेस हातात धरून सगळ्यांना दाखवला. शिंप्याला पिंजऱ्यात उभं करून विचारलं, गळा इतका खोल कुणाच्या सांगण्यावरून कापला? शिंपी म्हणजे आमचे मास्तर. ते म्हणाले, "गिऱ्हाईक सांगेल तसं आम्ही कापतो." पोराला तीन वर्षं झाली, दोनात सुटून आला.

आणि गाव काय म्हणालं? टाळी एका हातानं वाजत नाही. मीसुद्धा म्हणाले. खोटं कशाला सांगू? आमची मुलगी सतरा वर्षांची असताना मोठ्या गळ्यासाठी हट्ट धरून बसली, तेव्हा मी तिला म्हटलं होतं, टेलिफोनवालीचं काय झालं माहीत आहे ना? मास्तर समोरच कापड कापत होते. त्यांची कात्री थांबली नाही.

यंदा त्या खटल्यावर टीव्हीवर मालिका आली. दर रविवारी संध्याकाळी सात वाजता. नावं बदललेली, पण गल्लीत शेंबड्या पोरालाही कळत होतं कोण कोण आहे. आमची मुलगी, जी आता दुकान सांभाळते, ती पहिल्या भागापासून पेटलेली होती. म्हणायची, आई, काय माणसं होती तुम्ही, मेलेल्या बाईचीच चौकशी केलीत. मास्तर मालिका बघायचे नाहीत, आतल्या खोलीत इस्त्री करत बसायचे. सहाव्या भागाला मुलीनं त्यांना हात धरून बाहेर आणलं, म्हणाली, बाबा, आज तुम्ही दिसणार.

दिसले. कुणीतरी काडीपहिलवान नट, गळ्यात टेप. मी म्हटलं, अहो, कोर्टात कुणी टेप घालून जातं का? मला हसू आलं होतं. मग त्या नटानं तेच वाक्य म्हटलं, गिऱ्हाईक सांगेल तसं आम्ही कापतो, आणि पडद्यावर मागच्या बाकावर बसलेल्या त्या मुलीच्या आईनं पदर तोंडावर ओढला. आमची मुलगी तावातावानं म्हणाली, "सांगितला असेल तिनं खोल गळा. मग? तिचा ड्रेस, तिची मर्जी. त्यात मारण्यासारखं काय होतं?"

अगदी बरोबर बोलली. पण मास्तर उठले आणि पोटमाळ्याची शिडी चढायला लागले. सदुसष्ट वर्षांचा माणूस, गुडघे गेलेले. मी मागोमाग गेले. वर जाऊन बघते तर ट्रंक उघडी, मांडीवर वही आणि हे बोट ठेवून बसलेले. हिरव्या कापडाचा तुकडा, पांढरे ठिपके, टाचणी गंजलेली. बाजूला त्यांच्याच अक्षरात छाती, कंबर, उंची, आणि गळा साडेपाच. त्याच्याखाली दोन रेघा ओढलेल्या.

साडेपाच इंच म्हणजे अगदी बेताचा, वर घेतलेला गळा. मुख्याध्यापिका घालतात तसा.

तिथं बसून त्यांनी मला सांगितलं. सुट्ट्यांच्या आधीची गर्दी होती. वेळ वाचवायला ते सारख्या मापाची दोन कापडं एकावर एक ठेवून कापायचे. टेलिफोनवालीचं कापड खाली, दुसऱ्या एका बाईचं वर. बाकी मापं सारखी, फक्त वरच्या बाईचा गळा आठ, म्हणजे चांगलाच खोल. गळा कापायच्या आधी खालचं कापड बाजूला काढायचं असतं. ते राहिलं. मुलगी न्यायला आली, रडवेली झाली, म्हणाली, मास्तर, मी हे कसं घालू? ह्यांनी तिला टेबलावरची एक सेफ्टी पिन दिली. म्हणाले, तोवर पिन लावून चालव, शनिवारी आण, आतून पट्टी लावून देतो. ती बुधवारी गेली. मग कोर्टात वकिलानं विचारलं तेव्हा समोर ह्यांचे उस्ताद बसलेले, अर्ध्या गावची गिऱ्हाइकं बसलेली, आणि दुकान उघडून जेमतेम दोन वर्षं झालेली. चूक माझी, एवढं तोंडातून निघालं नाही.

माझ्या अंगाचा तिळपापड झाला. एकेचाळीस वर्षं ह्या माणसाच्या शेजारी बसले, आणि ह्यानं मला माझ्याच मुलीला असलं बोलू दिलं. दोन दिवस मी त्यांच्याशी बोलले नाही. तिसऱ्या दिवशी सांगितलं, तिची आई जिवंत आहे, टाकीपलीकडं धाकट्या मुलाकडं राहते, तिला जाऊन सांगा. ते म्हणाले, आता कोर्ट नाही, तो वकील नाही, तो पोरगाही मेला, कुणाचं काय भलं होणार? शिवाय दुकान आता मुलीचं आहे, तिचं नाव खराब होईल. मी म्हटलं, मुलीला मी कालच सांगितलंय. ती म्हणाली, बाबा जाणार नसतील तर वही घेऊन मी जाते. ह्यांनी वही पिशवीत घातली, चपला घातल्या.

म्हातारी ओट्यावर लसूण सोलत बसली होती. पंच्याऐंशीच्या घरात, पण नजर शाबूत. मास्तरांना तिनं लगेच ओळखलं. या म्हणाली नाही, जा म्हणाली नाही. हे खालच्या पायरीवर बसले, वही उघडून तिच्यापुढं ठेवली आणि एका दमात सगळं सांगितलं. दोन कापडं, साडेपाच, आठ, पिन, शनिवार. मी उभीच होते.

म्हातारीनं हात लुगड्याला पुसले आणि त्या तुकड्यावर बोट फिरवलं. मग माझ्याकडं बघून बोलली, ह्यांच्याकडं नाही.

"तिनं मला हेच सांगितलं होतं. आई, मास्तरांनी चुकवलंय, शनिवारी नीट करून देणारेत. मी म्हटलं, खोटारडे, स्वतःचे चाळे दुसऱ्याच्या माथी मारतेस. त्या बुधवारी सकाळी पिन मीच उपसून फेकली. म्हटलं, कोपऱ्यापर्यंत पिन लावणार आणि पुढं काढणार, मला शिकवतेस? ती डबा न घेताच गेली."

मास्तरांनी मान खाली घातली होती.

"कोर्टात मास्तर बोलले तेव्हा मी मागं बसले होते," ती म्हणाली. "पोटची पोर गेली होती, तरी मनात आलं, मी बरोबरच ओळखलं होतं. बेचाळीस वर्षं मी तिला खोटारडी समजत आले."

मला रडू आवरेना. मास्तरांनी हात जोडले आणि काहीतरी बोलायला गेले, बहुतेक माफी मागायला. तिनं हातानंच थांबवलं. आतल्या दाराकडं तोंड करून तिनं हाक मारली. धाकटा मुलगा बाहेर आला, सून आली, कॉलेजात जाणारी नात आली. तिनं तिघांना ओट्यावर बसवलं.

मग पहिल्यांदा ह्यांच्याकडं बघून म्हणाली, "मास्तर, आता ह्यांच्यासमोर सांगा."

मास्तर उभे राहिले. कोर्टात उभे राहिले असतील तसेच, हात बाजूला. म्हणाले, "तिनं साडेपाच सांगितला होता. मी आठ कापला. चूक माझी होती."

"पुन्हा," ती म्हणाली.

त्यांनी पुन्हा सांगितलं. तिनं आणखी एकदा सांगायला लावलं. तिसऱ्या वेळी त्यांचा आवाज फुटला, पण त्यांनी वाक्य पूर्ण केलं. मग तिनं वहीतली टाचणी काढली, तो हिरवा तुकडा मुठीत घेतला आणि वही मिटून माझ्या हातात दिली. आम्हाला जायला सांगितलं आणि पुन्हा लसूण सोलायला बसली. एकाच हातानं, कारण दुसरी मूठ ती उघडत नव्हती.