खात्रीताई आणि पुढचा शब्द

घराला कुलूप लावलं की जिना उतरायचा, फाटकापर्यंत जायचं, आणि परत वर येऊन कुलूप ओढून बघायचं, हा तिचा नेम. गॅस बंद केला तरी जवळ जाऊन वास घ्यायचा. पत्र पाकिटात घातलं की पुन्हा बाहेर काढून पत्ता वाचायचा. “खात्री करून घेतलेली बरी,” हे तिचं पालुपद. त्यामुळे पाणीपुरवठ्याच्या त्या कार्यालयात तिला खऱ्या नावानं हाक मारणारं कुणी उरलंच नव्हतं. शिपायापासून साहेबांपर्यंत सगळ्यांची ती खात्रीताई. साहेब तर तिनं टाइप केलेलं पत्र न वाचताच सही ठोकायचे. हिनं दोनदा तपासलेलं, मग आपण कशाला डोळे फोडायचे?

आणि का नसावा हो संशयी स्वभाव? अकरा वर्षं ती तिथं टंकलेखिका होती, तीही करारावर. दरवर्षी करार संपत आला की महिनाभर आधीपासून तिची झोप उडायची. बरोबरचे दोघे कायम झाले. त्यातल्या एकाला तर टाइप करायला हिनंच शिकवलं होतं. हिचं आपलं विंचवाचं बिऱ्हाड पाठीवर! यंदा मात्र मुख्य कार्यालयातून विचारणा आली होती. दहा वर्षं भरलेल्या करारावरच्या माणसांचं काय करायचं, ते साहेबांनी लिहून कळवावं. साहेबांचं एक पत्र, बस्स. त्यावर तिचं सगळं अडलं होतं, आणि साहेब चकार शब्द काढत नव्हते.

नेमका त्याच महिन्यात नवा प्रोग्राम आला. दोन अक्षरं दाबा, पुढचं तो सुचवणार. बसवायला आलेली प्रोग्रामरबाई पन्नाशीची, चष्मा दोरीनं गळ्यात अडकवलेला, बोलणं शाळेतल्या बाईंसारखं. तिनं कागदावर चक्क एक झाड काढलं.

“मुळापासून निघायचं. ‘पा’ दाबलं की ‘पा’ची फांदी. तिला पुढं फांद्या फुटल्या, पाणी, पाइप, पावती. सुरुवात सारखी असेल तोवर सगळे शब्द एकाच फांदीवरून चालतात. अक्षर बदललं की वेगळे होतात. त्यामुळे यंत्राला लाखभर शब्द चाळत बसावं लागत नाही. तुम्ही ज्या फांदीवर आहात, तेवढीच बघायची.”

“म्हणजे आमच्या इमारतीचा जिना,” खात्रीताई म्हणाली. “सगळे एकाच दारानं आत येतात आणि आपापल्या मजल्यावर वळतात.”

“अगदी बरोबर! आणि नुसते शब्द नाहीत, तुमची ठरलेली वाक्यंही आहेत. कार्यालयाची जुनी पत्रं मी सगळी त्यात घातली आहेत. फांदीच्या टोकाला आकडा असतो, ते वाक्य किती वेळा वापरलं त्याचा. ज्याचा आकडा मोठा, ते यादीत वर. हे बटण दाबलं की सगळ्यात वरचं वाक्य आपोआप पत्रात उतरतं.”

“आणि हे झाड माझ्या एकटीच्या टेबलावर?”

“छे, सगळ्यांचं मिळून एकच. साहेबांकडे तेच, हेडक्लार्ककडे तेच.”

इथं खात्रीताईच्या मनात शंकेची पाल चुकचुकली. म्हणजे शेजारी काय शिजतंय त्याचा वास आपल्याला येणार, आणि आपल्याकडचा त्याला. भिंतीला कान असतात हे ठाऊक होतं, आता पडद्यालाही आले म्हणायचे.

आठवडाभर बरं चाललं. मग एका दुपारी ती एका तक्रारीला उत्तर लिहीत होती. ‘सेवा’ एवढंच टाइप केलं आणि खाली यादी उघडली. ‘सेवा खंडित झाल्याबद्दल दिलगीर आहोत.’ ‘सेवा पूर्ववत करण्यात आली आहे.’ ‘सेवा नियमित करण्यात यावी.’ आणि चौथ्या ओळीत, ‘सेवा समाप्त क…’ पुढचं चौकटीत मावत नव्हतं.

तिसरी ओळ तिला दिसलीच नाही. माणसाला जे नको असतं तेच आधी दिसतं. तिनं चौथी ओळ निवडली. पत्रात वाक्य उमटलं, ‘सेवा समाप्त करण्यात यावी.’ तिनं इकडेतिकडे बघितलं आणि घाईघाईनं खोडलं.

कुणाची सेवा? कोण लिहितंय हे? त्या दिवसापासून बाईला चैन पडेना. सकाळी आल्या आल्या ‘सेवा’ टाइप करायचं, ते वाक्य निवडायचं, आज त्याला पुढं कुणाचं नाव जोडलंय का ते बघायचं, आणि खोडायचं. जेवून आल्यावर एकदा. हेडक्लार्क साहेबांच्या खोलीतून बाहेर पडला की एकदा. दोन-तीन दिवसांत ते वाक्य तिसऱ्या ओळीत आलं, मग दुसऱ्या. झालं! आता शंका कसली? फास आवळत चालला होता.

त्यात साहेबांनी दार लावून घेऊन स्वतःच टाइप करायला घेतलं. दोन बोटांनी, एकेक अक्षर कीबोर्डावर शोधत. अकरा वर्षांत ज्या माणसानं साधी चिठ्ठीही स्वतः टाइप केली नाही, त्याला आजच ही हौस का? तिनं हेडक्लार्कला गाठलं.

“साहेब काय लिहितायत हो?”

“गोपनीय आहे, ताई,” तो म्हणाला आणि हसला.

ते हसू तिला चांगलंच झोंबलं. कुठंतरी पाणी मुरतंय, याबद्दल तिची आता खात्रीच पटली.

घरी तिनं सासूबाईंना सगळं सांगितलं. सासूबाई ऐंशीच्या, पण जीभ अजून धारदार. “मनी वसे ते स्वप्नी दिसे,” त्या म्हणाल्या. “तुला आता पडद्यावर दिसायला लागलं.”

“आई, चेष्टा नका करू. रोज वर सरकतंय ते. कुणीतरी रोज लिहितंय.”

“अगं, साप साप म्हणून किती भुई धोपटशील? जा आणि साहेबाला सरळ विचार.”

चार दिवस तिनं धीर एकवटला. तोवर ते वाक्य यादीत सगळ्यात वर जाऊन बसलं होतं. शेवटी ती साहेबांसमोर उभी राहिली. “साहेब, माझं काय ते एकदाचं सांगून टाका.”

साहेब खुशीत होते. “पत्र गेलं कालच! तुमच्याबद्दलचं तुमच्याकडून कसं टाइप करून घेणार? म्हणून मीच बसलो. थांबा आठवडाभर, गोड बातमी येईल.”

गोड बोलून गळा कापणारे तिनं पुष्कळ पाहिले होते. तिनं मान डोलावली आणि जागेवर येऊन पुन्हा ‘सेवा’ टाइप केलं.

आठवड्यानं मुख्य कार्यालयाचं उत्तर आलं. टपाल तिच्याच टेबलावर फोडलं जायचं. ‘आपण केलेल्या शिफारशीनुसार सदर टंकलेखिकेची सेवा या महिन्याअखेर समाप्त करण्यात येत आहे.’ ती दार न वाजवता साहेबांच्या खोलीत शिरली आणि कागद त्यांच्यापुढं आपटला.

“हीच का तुमची गोड बातमी? अकरा वर्षं, साहेब! तोंडावर सांगायची लाज वाटली का?”

साहेबांनी कागद वाचला आणि त्यांचा चेहरा पांढराफटक पडला. त्यांनी आपल्या पत्राची प्रत काढली आणि ती आयुष्यात पहिल्यांदा वाचली. बाईंचं काम चोख, बाई विश्वासू, अकरा वर्षांत एक चूक नाही. आणि खाली, ‘तरी त्यांची सेवा समाप्त करण्यात यावी.’

“मी ‘सेवा’ लिहिलं,” साहेब पुटपुटले, “आणि ते बटण दाबलं. मला ‘नियमित’ म्हणायचं होतं, पण नजर कीबोर्डावर होती. तुम्ही टाइप करता तेव्हा मी कुठं वाचतो?”

प्रोग्रामरबाईला बोलावणं गेलं. तिनं झाडाची ती फांदी उघडली. टोकाला आकडा होता, दोनशे पंधरा. कुठल्या टेबलावरून किती, तेही होतं.

“एक साहेबांचा, दोनशे नऊ या तीन आठवड्यांतले,” ती हळूच म्हणाली. “ते सगळे ताईंच्या टेबलावरचे. निवडलं की आकडा वाढतो. नंतर खोडलं तरी तो कमी होत नाही. माझीच चूक, हे मी तुम्हाला सांगायला हवं होतं.”

हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते हेच. साहेबांनी मुख्य कार्यालयाला फोन लावला, दोनदा माफी मागितली. उत्तर आलं ते एवढंच, की सेवा चालू राहील, पण कायम करायची यंदाची यादी बंद झाली. पुढच्या वर्षी बघू. म्हणजे आणखी एक करार, आणखी एक वर्ष.

खात्रीताईला रडू आवरेना. पण रडता रडताही संशय सुटेना. “दोनशे नऊ माझे, कबूल. आधीचे पाच कुणाचे? सुरुवात कुणी केली? मला ते बघायचंय.”

प्रोग्रामरबाईनं जुनी पत्रं काढून दिली. सात वर्षांपूर्वीची, एकाच तारखेची पाच. पाणी सोडायच्या कामावर करारानं घेतलेली पाच माणसं. प्रत्येकाचं एक पत्र, प्रत्येकाची सेवा समाप्त. खाली कोपऱ्यात टंकलेखिकेची छोटी सही होती. तिची.

तिनं पाचही नावं वाचली, मग पुन्हा वाचली. एकाचाही चेहरा डोळ्यांपुढं येईना.

“यातलं कुणी आलं होतं का हो माझ्याकडे?” तिनं हेडक्लार्कला विचारलं.

“दोघं आले होते, ताई,” तो म्हणाला. “तुमच्या टेबलासमोर बराच वेळ उभे होते. तुम्ही टाइप करत होतात.”