अक्काच्या कॉम्प्युटरवरचे तुटके चौकोन

असल्या गोष्टी मी कधीच मानल्या नाहीत. साताऱ्यात कॉम्प्युटर दुरुस्त करतो. बिघाड म्हटला की त्याला कारण असतंच, एवढीच माझी श्रद्धा. तरीही हे लिहितोय...

माझी थोरली बहीण, अक्का, शिराळ्याजवळच्या एका गावात एकटी राहते. तिचा एकुलता एक मुलगा सागर फौजेत होता. मोबाईलवर तिला नीट दिसत नाही म्हणून त्याने माझ्याकडूनच एक जुना कॉम्प्युटर नेऊन तिच्या घरी बसवला. ब्राउझर उघडून दोघं व्हिडिओ कॉलवर बोलायची. गेल्या हिवाळ्यात पहाडात त्याची गाडी दरीत कोसळली... सागर गेला.

उन्हाळ्यात अक्काचा फोन आला. "सुन्या, कॉम्प्युटरवर लय चौकोन चौकोन येत्यात. नीट करून दे की रं."

रविवारी दुपारी गेलो. ब्राउझरमध्ये कुठलंही पान उघडलं की काळे चौकोन, फाटलेली अक्षरं. जुन्या ग्राफिक्स कार्डाचं नेहमीचं दुखणं! सेटिंगमध्ये जाऊन हार्डवेअर ॲक्सिलरेशन, म्हणजे ब्राउझरने ते कार्ड वापरायची सोय, बंद केलं. आता ब्राउझर बंद करून परत उघडायचा, एवढंच राहिलं होतं.

तेवढ्यात त्या चौकोनांत एक डोळा दिसला. मग कान, हनुवटी... सागर! हसत होता. जुन्या कॉलचं चित्र मेमरीत अडकलं असेल, असं क्षणभर वाटलं. पण त्याच्या मागची भिंत ह्याच खोलीची होती — आणि तिच्यावर त्याचाच हार घातलेला फोटो. कॉम्प्युटरला कॅमेरासुद्धा जोडलेला नव्हता. मी गर्रकन वळलो. मागे फक्त अक्का उभी.

"तुलाबी दिसला न्हवं?" ती म्हणाली. "रोज येतोय. पर त्वांड सगळं तुटक तुटक दिसतंय. म्हणून तर तुला बोलावलं. कर की नीट."

मीही वेड्यासारखी आशा धरली. ब्राउझर बंद करून पुन्हा उघडला.

पान स्वच्छ. एकही चौकोन नाही. सागरही नाही.

अक्काने पदराने स्क्रीन पुसली. "कुठं गेला रं?"

सेटिंग पूर्ववत केलं, कार्ड चालवणारा जुना ड्रायव्हर टाकला. चौकोन परत आले, पण नुसते काळे. अंधार पडेपर्यंत झटलो, मग तिथंच खुर्चीत रडलो. अक्का माझ्या डोक्यावरून हात फिरवत राहिली. "तुझं काय चुकलं न्हाई. म्याच म्हनलं न्हवं का, नीट कर म्हणून."

जाणकारांना विचारलं. भास म्हणतात. दोघांना एकच भास?

अक्का अजून फोन करते. इकडचं तिकडचं बोलते आणि ठेवता ठेवता हळूच विचारते, "सुन्या, परत जरा बिघडवून बघतोस काय रं?"