वाटेकडेच्या दोन रांगा

लिहिण्याचा अधिकार आपल्याला आहे, असे मला अजूनही वाटत नाही. नोकरीत अहवाल पुष्कळ लिहिले, पण ते वाचणाऱ्यांना वाचावेच लागत. आपल्यावर तशी सक्ती नाही. तरीही आपला वेळ घेत आहे, याबद्दल आधीच क्षमा मागते.

मे महिन्यात लोणावळ्याजवळच्या एका टेकडीवर आमचे मार्किंग चालू होते. तोडायच्या झाडाची थोडी साल तासून तिथे हॅमरने खात्याचा ठसा उमटवायचा, एक छातीच्या उंचीवर आणि एक बुंध्याशी, याला मार्किंग म्हणतात. बुंध्याचा ठसा तोडीनंतरही खुंटावर राहतो. बिनठशाचा खुंट दिसला, की चोरी झाली समजायचे. मी तिथली वनक्षेत्रपाल होते. टेकडीवर जुनी ऑस्ट्रेलियन बाभूळ दाट लावलेली होती. पावसाळा सरल्यावर ती काढून हिरडा, जांभूळ, ऐन अशी इथलीच झाडे लावायची, असे आराखड्यात ठरले होते. अडचण एवढीच, की फिरायला येणाऱ्यांची आवडती पायवाट त्या बाभळींमधूनच जात होती.

"मॅडम, तुम्ही वनखात्याच्या की वखारीच्या?"

मागे अभ्यंकर उभे होते. रोज फिरायला येणाऱ्या ज्येष्ठांच्या गटाचे ते प्रमुख. मला असे काही विचारले, की उत्तर घरी गेल्यावर सुचते.

आमचे साहेब त्या दिवशी पाहणीला आले होते. त्यांना मात्र लगेच सुचले. "वाटेच्या दोन्ही कडांच्या दोन-दोन रांगा सोडा. मागचं तोडा. चालणाऱ्याला झाडंच दिसतील, आणि आपल्याला फोन येणार नाहीत."

आमच्या बोलण्यात याला 'पडदा ठेवणे' म्हणतात. अभ्यंकरांना तो पटला. वळणावर चहाची टपरी चालवणाऱ्या मंदामावशींना तर फारच पटला. त्या आंदर मावळातून इकडे नांदायला आलेल्या. नवरा गेल्यापासून घर टपरीवरच चालते. त्या म्हणाल्या, "बाई, बाकीचं रान न्या खुशाल. माझ्या डोक्यावरचं तेवढं ऱ्हाऊ द्या. सावली हाय म्हून गिऱ्हाईक बसतंय."

सगळ्यांचे समाधान झाले होते. मी म्हणाले, "सर, पडदा ठेवता येणार नाही."

"का?"

मी सांगितले, की दाटीत वाढलेले झाड उंच आणि सडपातळ होते, शेजाऱ्यांच्या आडोशाने उभे राहते. या बाभळीची मुळेही फार खोल जात नाहीत. मागचे रान काढले, की सगळा वारा या रांगांवर येणार, आणि खाली माणसे चालत असणार.

"एवढी वर्षं उभी आहेत ना?" अभ्यंकर म्हणाले. "तुम्हाला तोडायचंच आहे, तर कारणं कितीही सापडतील."

वाद घालणे माझ्या स्वभावात नाही. थोडे खाली विजेच्या तारांसाठी पूर्वी एक पट्टा मोकळा केलेला होता. त्या कडेच्या बाभळी तशाच उघड्या पडल्या होत्या. मी सगळ्यांना तिथे नेले. दुपारी वळवाचा वारा सुटला. तो जरा ओसरताच मी अभ्यंकरांना एका बुंध्याशी नेऊन पाय मुळावर ठेवायला सांगितले. शेंडा झुकला, आणि ते माझा दंड धरून म्हणाले, "अहो, जमीन उचलली जातेय!"

मावशींनी चप्पल काढून अनवाणी पाऊल टेकवले. "व्हय की. म्हशीच्या पाठीवर उभं ऱ्हायल्यावानी वाटतंय." मग पाऊल मागे घेऊन त्यांनी विचारले, "मंग माझ्या सावलीचं काय?"

टेकडीच्या पलीकडच्या अंगाला एक मोठे जांभळाचे झाड आहे. मी तिकडे बोट दाखवले.

"तितं चहाला कोण येतंय? रानडुकरं?"

कोणीही हसले नाही. साहेब एवढेच म्हणाले, "जबाबदारी तुमची, मॅडम." वाटेच्या दोन्ही कडांच्या रांगांवर मी ठसे मारून घेतले. मावशींच्या टपरीवरची झाडे शेवटी घेतली. त्यामुळे फरक काहीच पडणार नव्हता.

दिवाळीनंतर तोड झाली. टेकडी उघडी पडली, आणि फोन आले ते मलाच. अभ्यंकरांनी आपल्या गटाला कारण समजावून सांगितले. मग उन्हाला कंटाळून गटासह तेही दुसऱ्या वाटेने जाऊ लागले. मावशींनी टपरी जांभळाखाली नेली. धंदा निम्म्यावर आला.

आता मी निवृत्त आहे. नवी रोपे कमरेच्या वर आली आहेत. सावली पडायला अजून वेळ आहे. मी अधूनमधून जाते. चहा देताना मावशी विचारतात, "बाई, खरंच पडली असती का वो ती झाडं?" मी "हो" म्हणते, पण दाखवायला माझ्याकडे काही नाही. टळलेला अपघात कोणालाच दिसत नाही. गेलेली सावली मात्र रोज दुपारी दिसते. आमच्या कामाचा हिशेब बहुधा असाच राहतो. त्या टेकडीवरचे चालणारे सुखरूप राहावेत म्हणून किंमत मोजली ती एकट्या मावशींनी, आणि ती मोजायला मी लावली.

म्हणून संकोचाने एकच विचारते. त्या बाजूला फिरायला गेलात, तर थोडी वाट वाकडी करून जांभळाखाली चहा घ्याल का?