अंघोळ कोण घालतं?

स्क्रीनवरच्या जर्मन बाईंनी पेन खाली ठेवलं.

नारायणगावात मी परदेशी जाणाऱ्या नर्सेसना जर्मन शिकवते. त्या दिवशी महाळुंगे पडवळची शोभा ऑनलाइन इंटरव्ह्यू देत होती. मी लॅपटॉपच्या बाजूला, कॅमेऱ्यात येणार नाही अशी बसले होते. पहिल्या वेळी ती नापास झाली होती. तिसरी संधी नर्सेसना तिकडे पाठवणारी एजन्सी देत नाही.

पहिला प्रश्न ठरलेला असतो: तुमच्या कामाबद्दल सांगा. उत्तर मी तिच्याकडून इतकं घोटून घेतलं होतं की झोपेत विचारलं तरी तिने म्हणून दाखवलं असतं. बीपी, सलाइन, इंजेक्शन, रिपोर्ट. शेवटचं वाक्य मी पदरचं घातलं होतं: मी 'ग्रुंडप्फ्लेगं' करते. म्हणजे पेशंटला अंघोळ घालणं, भरवणं, कूस बदलून देणं. तिकडे हे सगळं नर्सच करते, म्हणून वाक्य हवंच, असा माझा हट्ट.

बाईंनी नेमकं तेच धरलं. "हॉस्पिटलमध्ये तुम्ही अंघोळ कशी घालता? क्रमाने सांगा."

शोभाने हे हॉस्पिटलमध्ये कधी केलंच नव्हतं. आपल्याकडे पेशंटजवळ घरचं माणूस थांबतं आणि हे सगळं तेच करतं. नर्सने हात लावला तर घरच्यांनाच ओशाळं वाटतं. मला हे माहीत नव्हतं का? चांगलं माहीत होतं.

मी हातानेच खुणावलं, बोल काहीतरी. तिने माझ्याकडे पाहिलं आणि मान परत स्क्रीनकडे वळवली.

"ते वाक्य खरं नाही," ती जर्मनमध्ये सावकाश म्हणाली. "हॉस्पिटलमध्ये नातेवाईक अंघोळ घालतात. मी नाही."

मी कपाळावर हात मारून घेतला.

"पण माझे सासरे दोन वर्षं अंथरुणाला खिळून होते. त्यांचं सगळं मी केलं." आणि ती सांगत सुटली. आधी दार लावायचं. पाणी आपल्या मनगटावर पाहायचं. पहिल्यांदा तोंड पुसायचं. जेवढं अंग पुसायचं तेवढंच उघडं ठेवायचं, कारण म्हाताऱ्या माणसालाही लाज असते. व्याकरण पार कोसळलं होतं, पण ती थांबली नाही. बाईंनी पेन पुन्हा उचललं.

मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. क्लासमध्ये तिने विचारलं होतं, "मॅडम, सासऱ्यांचं सांगू का? लई केलंय मी त्यांचं." मीच म्हटलं होतं, "घरचं नको. नोकरीचं सांग."

आठ दिवसांनी निकाल आला. निवड झाली होती. शोभा पेढे घेऊन आली.

"मॅडम, तुमचं वाक्य मोडलं मी. रागावला न्हाई ना?"

"रागावले होते. आता कुठल्या तोंडाने रागावू?"

हल्ली पहिल्याच तासाला मी वहीत दोन रकाने आखायला लावते. एकात हॉस्पिटलमधलं काम, दुसऱ्यात घरी केलेलं. दुसरा रकाना बहुतेकींचा आधी भरतो.