विहीणबाईंचा शिल्लक रुसवा

आमच्या विहीणबाई माणसांवर एक वेळ विश्वास ठेवतील, देवावर सणासुदीला ठेवतात, पण पायाखालच्या जमिनीवर त्यांनी तो आजवर ठेवलेला नाही. विहीणबाई म्हणजे माझ्या जावयाच्या आई. त्या नारायण पेठेत राहतात, मी बिबवेवाडीत. उंच, काटकुळ्या, चालणं माझ्या दुप्पट वेगाचं, आणि तरी हातात यजमानांच्या वेळची काठी. ती टेकायला नाही, ठोकायला. वाटेत गटाराचं झाकण आलं, फरशी आली, नुकता बुजवलेला खड्डा आला, की दोनदा ठोकायचं, कान देऊन ऐकायचं, मग पाऊल टाकायचं. एकदा आम्ही दोघी बांगड्या घ्यायला निघालो होतो, तर एका दुकानापुढे यांचं ठोकणं थांबेना. दुकानदार बाहेर आला. “काय शोधताय काकू?” या म्हणाल्या, “तुमच्या दारातली फरशी पोकळ वाजतेय. बदलून घ्या.” तो म्हणाला, “आजपर्यंत कुणी पडलेलं नाही.” “मग तशी पाटी लावा,” या म्हणाल्या, आणि ती फरशी सोडून रस्त्यावरून वळसा घालून पुढे गेल्या. बांगड्या राहिल्याच.

कुणाला वाटेल, बाई भित्री आहे. अजिबात नाही. सरकारी कचेरीत टायपिस्ट होत्या तेव्हा साहेबाच्या पत्रातल्या चुका त्यालाच वाचून दाखवायच्या. रिक्षावाला नको म्हणाला तर आधी आत बसतात आणि मग वाद घालतात. फक्त खाली काय आहे ते कळल्याशिवाय त्यांचा पाय पुढे पडत नाही. खुर्चीवर बसण्याआधी ती हातानं दाबून बघतात, मग ती माझ्या घरातली सागवानी का असेना. आमच्या इमारतीत लिफ्ट आली तेव्हा सगळ्यांनी पेढे वाटले. विहीणबाईंनी तिच्यात आधी आपली पिशवी ठेवली, बटण दाबलं आणि स्वतः जिन्यानं निघाल्या. मी तिसऱ्या मजल्यावर दार उघडून उभी, तर आत माणूस नाही, नुसती मेथीची जुडी आली. विहीणबाई मागून धापा टाकत वर पोहोचल्या, पिशवी उचलली आणि म्हणाल्या, “आज ठीक चालतेय.” पण तो ‘आज’ पुरता निकाल. पुढच्या खेपेला पुन्हा पिशवी आधी. मी एकदा सरळच विचारलं, “विहीणबाई, लहानपणी कुठं पडला होतात का?” त्या म्हणाल्या, “कधीच नाही. म्हणूनच.”

लग्नात यांनी काय केलं ते अजून आमच्या नातेवाइकांत सांगतात. आमच्यात वरमाईनं एकदा तरी रुसायचं असतं. चहा गार होता, साडीचा रंग आवडला नाही, काहीही चालतं. मग मुलीच्या आईनं हात जोडून जायचं, समजूत काढायची, साडी द्यायची. रुसणं हा वरमाईचा हक्क आणि ते काढणं हे आपलं काम. मी चौथी शिकलेली बाई, आमची पिठाची गिरणी. समोर पेठेतलं मॅट्रिक झालेलं माणूस. आता ही काय काय मागेल म्हणून एक चांगली पैठणी वेगळी काढून ठेवली होती. या मात्र स्टेजपाशी मांडववाल्याशी हुज्जत घालत होत्या. “वर गालिचा दिसतोय हो. गालिच्याखाली काय?” “फळ्या आहेत बाई.” “फळ्यांखाली?” शेवटी त्याची धडधाकट माणसं त्या स्टेजवर उभी राहून उड्या मारून आली, तेव्हा कुठं नवरानवरी वर चढली. मी जाऊन हळूच म्हटलं, “विहीणबाई, रुसायचं राहिलं तुमचं.” त्यांनी घाम पुसला. “या गर्दीत मला सवड नाही. शिल्लक ठेवते. लागेल तेव्हा काढीन.” मी हसले. मला तेव्हा त्यांची स्मरणशक्ती ठाऊक नव्हती.

आता तंबूचं सांगते. लेक, जावई आणि नातू अमेरिकेच्या पार वरच्या टोकाला राहतात. तिथं हिवाळ्यात तळी गोठतात आणि माणसं त्या बर्फावर जाऊन बसतात. बर्फाला भोक पाडायचं, त्यातून गळ सोडायचा, मासा लागेपर्यंत बसायचं. वारं झोंबतं म्हणून वर तंबू. दर रविवारी संध्याकाळी आमची तिन्ही घरं फोनवर एकमेकांना बघतात. तिकडे तेव्हा सकाळ असते. त्या रविवारी जावयानं नवा तंबू हॉलमध्ये उभा करून दाखवला. लाल भडक, खिडक्यांचा, खाली जाड चटई, आत खुर्च्या, शेगडी. घडी केली की गाडीच्या डिकीत मावतो. नातू आत बसून खिडकीतून हात हलवत होता. “पुढच्या शनिवारी आम्ही दोघं जाणार,” जावई म्हणाले. “यंदाचा पहिला बर्फ.”

मी म्हटलं, “छान आहे हो, घरासारखं.” मला काय कळतंय त्यातलं. बर्फ मी गोळेवाल्याकडे पाहिलेला.

विहीणबाईंचा चेहरा फोनच्या अगदी जवळ आला. “खाली काय आहे?”

“चटई आहे ना आई. चांगली जाड.”

“चटईखाली?”

“बर्फ.”

“बर्फाखाली?”

“पाणी. तळं आहे ते.”

“किती जाड झालाय बर्फ? पाहिलास?”

“अगं, आता थंडी पडलीय. शिवाय आम्ही तंबूत असणार. उघड्यावर थोडेच बसतोय? भक्कम आहे तो. वारं, बर्फ, सगळ्यांत टिकतो. खोक्यावर लिहिलंय.”

“वाऱ्यात टिकतो असं लिहिलंय. पाण्यात पडलात तर काय, ते लिहिलंय?”

जावई हसले. “इथं लोक बर्फावर मोटारी नेतात, आई.”

“त्यांना आया नसतील.” आता हे काही बरोबर नाही. लेकीनं मला नंतर सांगितलं, भर थंडीत बर्फ हातभर जाड होतो, तेव्हा खरंच मोटारी जातात. पण विहीणबाईंना ते पटवून देण्याची सोय नाही. त्यांनी वेगळाच प्रश्न काढला, “मासा खाणार का?”

“नाही, परत सोडून देतो.”

“म्हणजे माशाची सुटका होते. तुमची?” जावयानं “आई, तुला नाही कळायचं” म्हटलं आणि खिडकीतून हात हलवणारा नातू दाखवत फोन ठेवला.

मी तो विषय तिथंच सोडला. विहीणबाईंनी नाही. गुरुवारी सकाळी, दूध नुकतं तापवून निवत ठेवलं होतं, तर लिफ्टचं दार वाजलं. उघडून बघते तर त्यांची पिशवी. मग त्या आल्या. चहा नको म्हणाल्या. “तुमच्या लेकीचा काल फोन होता. तिला धास्ती वाटतेय. शेजारचे म्हातारे तिला म्हणाले, अजून बर्फ पातळ आहे, आम्ही भोक पाडून मोजल्याशिवाय पाय ठेवत नाही. हा मोजत नाही. तंबू आहे ना, म्हणतो. ती बोलली की हसतो.”

लेकीनं हे मला सांगितलं नव्हतं. सासूला सांगितलं. मला ते लागलं, पण त्याचा विचार करायची ती वेळ नव्हती. मी म्हटलं, “तंबू असला म्हणजे काहीतरी आधार असेलच ना?”

विहीणबाई उठल्या आणि सरळ माझ्या ओट्यापाशी गेल्या. पातेल्यातल्या दुधावर साय धरली होती. त्यांनी डब्यातून एक सुपारी काढली, ती सायीवर अलगद ठेवली आणि लगेच वर कागदाचा त्रिकोणी द्रोण पालथा घातला. “हा तंबू. आत तुमचा नातू.”

“अहो, दूध माझं आहे ते.”

“थांबा.”

द्रोण उभा होता. छान उभा होता, मंदिराच्या कळसासारखा. मी म्हटलं, “बघा, काही झालं नाही.”

त्यांनी दोन बोटांनी द्रोण उचलला. सायीला भोक पडलं होतं. सुपारी नव्हती.

“तंबू शाबूत आहे,” त्या म्हणाल्या. “बाहेरून बघणाऱ्याला वाटेल, आत सगळं ठीक चाललंय.”

पूजेला कुणी हजर नसलं तर आपण त्याच्या जागी सुपारी मांडतो. मला ती पातेल्याच्या तळाशी गेलेली आवडली नाही. मी डावानं ती काढली, धुतली, पुसली आणि म्हटलं, “मग सांगा तुमच्या मुलाला.”

“सांगितलं. चारदा सांगितलं. मी आई आहे. आईला ‘तुला कळत नाही’ म्हणता येतं. सासूला म्हणता येत नाही. तुम्ही सांगा.”

मी आजवर जावयाला एक शब्द वावगा बोलले नव्हते. जावयाशी कसं बोलायचं हे आम्हाला लहानपणापासून शिकवलेलं. ‘या, बसा, अजून एक घ्या’ याच्यापलीकडे माझी भाषा गेलेली नव्हती. मी तसं सांगितलं. विहीणबाईंनी खुर्ची दाबून बघितली, बसल्या, काठी आडवी मांडीवर घेतली आणि तोंड भिंतीकडे फिरवलं.

“हे काय?”

“रुसले.”

“आत्ता?”

“लग्नातला शिल्लक आहे. आता काढते. पाणी घेणार नाही, चहा घेणार नाही, बोलणार नाही. घरी जाणार नाही. मुलीच्या आईनं काय ते बघावं.”

आणि खरंच बोलल्या नाहीत. शेजारची साखर मागायला आली, तिनं विचारलं, “काकूंना काय झालं?” मी म्हटलं, “रुसल्यात.” ती म्हणाली, “कशावर?” मी म्हटलं, “तळ्यावर.” ती साखर न घेताच गेली.

मी फोन लावला. तिकडे ती मंडळी जेवायला बसली होती. “जावईबापू,” मी म्हटलं, “तुमची आई माझ्याकडे रुसून बसली आहे. लग्नातला रुसवा आहे, मला तो काढणं भाग आहे. शनिवारी नातवाला तंबूत न्यायचं नाही.”

ते हसायला लागले. “आई, तुम्हीसुद्धा? तुम्ही दोघींनी कधी गोठलेलं तळं पाहिलंय का?”

“नाही पाहिलं. बुडणं म्हणजे काय ते ठाऊक आहे. तुमचा तंबू डोक्यावर आहे, मला पायाखालचं सांगा. मोजलंत?”

“सगळे जातात हो.”

“मी सगळ्यांची सासू नाही.” माझाच आवाज मला अनोळखी वाटला, पण आता मागे फिरायचं नव्हतं. “दिवाळसणाला तुम्ही काही मागितलं नाहीत. मोठेपणा होता तुमचा. आता मी मागते. राग आला तर येऊ दे. तुम्ही माझ्याकडे आयुष्यभर जेवला नाहीत तरी चालेल, पण मोजल्याशिवाय त्या तळ्यावर पाय ठेवायचा नाही. तंबू काय माझ्या गिरणीएवढा भक्कम असला तरी नाही.”

पलीकडे भांडं ठेवल्याचा आवाज आला. मग ते म्हणाले, “बरं. त्याला नेत नाही.”

भिंतीकडे तोंड केलेल्या विहीणबाई जोरात म्हणाल्या, “तोसुद्धा नाही!”

“तुम्हीसुद्धा नाही,” मी फोनमध्ये म्हटलं. “तुम्ही आधी त्या शेजारच्या म्हाताऱ्यांबरोबर काठावर जा, भोक पाडा, मोजा. मग आम्हाला कळवा.”

“बरं,” जावई म्हणाले. त्या ‘बरं’ मध्ये फारसा गोडवा नव्हता. नसू दे.

घरातल्या लोकांनी नंतर मला बरंच ऐकवलं. दोन म्हाताऱ्या, पुण्यात बसून अमेरिकेतल्या बर्फाला शिकवतात, वगैरे. शिकवू. मला आता जावयाची मर्जी राखून कुठली निवडणूक लढवायची नाही.

पुढच्या रविवारी फोनवर जावई दिसले. तंबू त्यांच्या अंगणात उभा होता आणि नातू आत बसून गवतात गळ टाकत होता. विहीणबाईंनी विचारलं, “शेजाऱ्यांबरोबर गेला होतास? मोजलंस? किती निघाला?” जावई म्हणाले, “आई, तुझ्याकडे थंडी कशी आहे?” विहीणबाईंनी पुन्हा विचारलं नाही. विषय बदलला तेव्हाच आम्हा दोघींना उत्तर मिळालं: बर्फ पातळ निघाला होता. तंबू संक्रांत होऊन गेली तरी अंगणातच होता. मग एक दिवस लेकीचा फोन आला, या वेळी मला आला, की आता शेजारच्यांनी मोजून सांगितलं, आता सगळे जातायत, ती स्वतःसुद्धा. मी म्हटलं, “जा. पण आत शेगडी पेटवाल, तेव्हा खिडकी उघडी ठेव.”

रुसवा निघाला म्हणजे साडी द्यायला हवी. ती वेगळी ठेवलेली पैठणी मी कपाटातून काढून दिली. विहीणबाईंनी पदर दोन्ही हातांनी ताणून बघितला. “टिकेल,” त्या म्हणाल्या. मग जरा वेळानं म्हणाल्या, “आता तुमच्याकडे माझं काही शिल्लक नाही हो.” मला ते बरं वाटलं नाही. मी म्हटलं, “वरमाईनं एकदाच रुसायचं असं कुठं लिहिलंय?”

यंदा त्यांचे गुडघे गेले. जिना होत नाही. तरी येतात, रिक्षातून उतरून खालून मला फोन करतात. मी लिफ्टनं खाली जाते. “आधी तुम्ही एकदा वर जाऊन या,” त्या म्हणतात, आणि मी, एवढी म्हातारी बाई, मेथीच्या जुडीसारखी एकटीच तिसऱ्या मजल्यापर्यंत जाऊन परत येते. इमारतीतली पोरंटोरं हसतात. हसू देत. मग त्या काठीनं लिफ्टची फरशी दोनदा ठोकतात, ऐकतात आणि आत येतात.

परवा मी खाली आले, दार उघडून धरलं, तर त्यांनी काठी काखेत मारली, माझं कोपर धरलं आणि सरळ पाऊल आत टाकलं.

“ठोकायचं राहिलं,” मी म्हटलं.

“तुम्ही उभ्या आहात ना आत,” त्या म्हणाल्या. “तुमचं वजन पेललं म्हणजे माझं पेलेल.”

मी बटण दाबलं. कोपर त्यांनी सोडलं नव्हतं. तिसरा मजला त्या दिवशी जरा लवकरच आला.