बंद पाकिटातलं पाचारण

"ज्यांना देवाचं बोलावणं ऐकू येतंय त्यांनी उभं राहा," फादर म्हणाले.

पनवेलच्या आमच्या चर्चमध्ये तो पाचारण रविवार होता. देव एखाद्याला फादर किंवा सिस्टर व्हायला बोलावतो, त्याला आम्ही पाचारण म्हणतो. चार मुली उभ्या राहिल्या. पाचवी मी. फादरनी चौघींना वेदीसमोर घेतलं, त्यांच्या डोक्यावर हात ठेवले. मग माझ्याकडे बघून हसले आणि माईकवरच म्हणाले, "तू जरा चहाचं बघ."

चर्च हसलं. मी मागे जाऊन चहाचं बघितलं.

मी कातकरी. कर्नाळ्याच्या पायथ्याची वाडी आमची, आता आई आणि मी करंजाड्यात एका खोलीत राहतो. बाप्तिस्मा आजीने घेतला, म्हणजे आम्ही नवे ख्रिस्ती. पुढच्या बाकांवर बसतात ते जुने. आई चर्च झाडते. मी बी.ए. झाले, पण पुढच्या बाकांसाठी मी झाडणारीची पोरगी.

बोलावणं मात्र मला आलं होतं. वाडीवर एक म्हातारी दोन दिवस मरत होती. रस्ता खराब म्हणून फादर आले नाहीत. मी तिच्या उशाशी बसून रोझरी म्हटली, मरियामातेची जपमाळ. तिने माझा हात सोडला नाही. जीव गेल्यावर मलाच तिची बोटं सोडवावी लागली. तेव्हा कळलं, मला आयुष्यभर हेच करायचंय.

म्हणून चहाचा अपमान गिळला आणि फादरकडे पत्र मागितलं. सिस्टरची व्रतं घ्यायला कॉन्व्हेंटमध्ये जायचं तर आपल्या फादरचं शिफारसपत्र लागतं. ते बंद पाकिटात देतात. आपलं आपणच न्यायचं, पण फोडायचं नाही. अशी रीत.

"देतो की," फादर म्हणाले. "तुला नाही कसं म्हणेन?"

आईने ते पाकीट दोन दिवस मरियामातेच्या तसबिरीपुढे ठेवलं. त्याच्यापुढे मेणबत्ती लावली. पाकिटाच्या पाया पडली माझी आई. हे मी विसरणार नाही.

कॉन्व्हेंटच्या मोठ्या सिस्टरनी पाकीट फोडलं, वाचलं आणि विचारलं, "पोळ्या गोल येतात का तुला?"

मग त्यांचा फोन वाजला. पत्र टेबलावर उघडं टाकून त्या बाहेर गेल्या. इंग्रजी पत्र. हिला काय वाचता येणार, असं वाटलं असेल. मी वाचलं.

'मुलगी कष्टाळू आहे. कुटुंब आदिवासी, नवख्रिस्ती. आई चर्च झाडते. स्वयंपाकघरासाठी उपयोगी पडेल. व्रतांसाठी शिफारस करत नाही.'

स्वतःच्या हाताने मी हे वाहून आणलं होतं. रिक्षात मांडीवर जपून, कोपरा दुमडू नये म्हणून. माझं डोकं सणकलं. पत्र उचललं, पर्समध्ये घातलं आणि सिस्टर परत यायच्या आत निघाले.

आमच्या मिस्सामध्ये, म्हणजे रविवारच्या उपासनेत, श्रद्धावंतांच्या प्रार्थना असतात. एक जण पुढे उभा राहून एकेक प्रार्थना वाचतो आणि सगळे मिळून ठरलेलं उत्तर देतात. कोणी गैरहजर असलं की मला उभं करायचे. त्यानंतरच्या रविवारी वाचणारीचा घसा बसला होता. आयती संधी होती. मी सोडली नाही.

पहिली प्रार्थना धर्मगुरूंसाठी वाचली. दुसरी आजाऱ्यांसाठी. तिसरी पाचारणासाठी होती. मी कागद बाजूला ठेवला, पत्र काढलं आणि त्याच आवाजात मराठी करून वाचलं. आई चर्च झाडते. स्वयंपाकघरासाठी उपयोगी पडेल. व्रतांसाठी शिफारस करत नाही. शेवटी सवयीने म्हणाले, "आपण प्रार्थना करू या."

आणि अख्खं चर्च म्हणालं, "हे प्रभो, आमची प्रार्थना ऐक."

पुढचे बाकही म्हणाले. फादरसुद्धा म्हणाले. मग एकेकाच्या लक्षात आलं आपण कशाला साथ दिली ते. फादरचा चेहरा उतरला. मला बरं वाटलं. खूप बरं वाटलं. हे मी कन्फेशनमध्ये सांगितलेलं नाही. सांगणारही नाही.

मिस्सा संपल्यावर फादरनी मला आतल्या खोलीत बोलावलं. "चर्चची अब्रू घालवलीस तू."

"अक्षर तुमचं आहे, फादर."

आई दारातच उभी होती. हातातला झाडू तिने भिंतीला टेकवला. "फादर, मी उद्यापासून झाडाया येनार नाय," ती म्हणाली. "माझी पोर तुमच्या सैपाकाला नाय." आयुष्यात पहिल्यांदा ती त्यांच्याशी मान वर करून बोलली.

मी सिस्टर होणार. बोलावणं फादरनी दिलेलं नव्हतं, त्यांना ते काढून घेता येणार नाही. सिस्टरांच्या दुसऱ्या संघाकडे अर्ज केला आहे. शिफारसपत्र म्हणून तेच पत्र जोडलं, फादरच्या सहीसकट. खाली लिहिलं, 'हे मी चर्चमध्ये वाचून दाखवलं आहे.' त्यांनी नाकारलं तर तिसऱ्या संघाकडे जाईन. क्षमा कर म्हणून सगळे सांगतात. मी करत नाही.

व्रतं घेतलेली सिस्टर पहिल्यांदा आपल्या चर्चमध्ये येते तेव्हा तिला हार घालतात, तिच्या हाती माईक देतात, नंतर चहा असतो. त्या दिवशी माझी आई पहिल्या बाकावर बसेल. मी माईक घेईन, वेदीकडे वळेन आणि सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणेन, "फादर, तुम्ही जरा चहाचं बघा."