गिरजाबाईनं जिन्यावर ठोकलेला दावा

गिरजाबाई जिन्यावरून पडली ती रशियन साहेब पाहायच्या नादात, हे भिलाईच्या कैंप-एक वस्तीत सगळ्यांना ठाऊक होतं. कुणी म्हणे साहेब जीपमध्ये उभा होता, कुणी म्हणे त्यानं हात हलवला, आणि एका बाईनं तर त्याच्या टोपीचा रंगही सांगितला. ती बाई त्या दिवशी गोंदियाला माहेरी होती, पण तेवढ्यानं कुणाचं पाहणं थांबतं का?

खरी गोष्ट इतकी रंगीत नव्हती. साहेब नव्हता, जीपही नव्हती. गिरजाबाईच्या हातात लाखोरीच्या डाळीच्या वरणानं काठोकाठ भरलेला गंज होता आणि जिन्याची मधली पायरी आतून कुजली होती. आधी पायरी गेली, मग गंज गेला आणि त्याच्या मागून गिरजाबाई, थेट अंगणात. उजव्या मांडीचं हाड मोडलं. वर गॅलरीत जेवायला बसलेल्या मंडळींनी आधी वरणासाठी हळहळ केली आणि मग बाईला उचललं. एवढं मात्र अफवेत कुणी सांगत नसे.

साल साठ. भिलाईत रशियनांच्या मदतीनं पोलादाच्या भट्ट्या पेटल्या होत्या, आणखी भट्ट्यांची बांधणी चालू होती, आणि भंडारा-गोंदियाकडून रोज माणसं उतरत होती. कारखान्याचं क्वार्टर मिळेपर्यंत जिथं आडवं होता येईल तिथं राहायचं. हे बघून बोरसीच्या बाबारावांनी कैंप-एकमध्ये दोन मजली चाळ उठवली. भिंती नव्या, पण जिना कुठल्याशा मोडक्या गोठ्याच्या फळ्यांचा. वर गिरजाबाईची खोली. बाई भंडाऱ्याकडची, छप्पन साली नवऱ्याबरोबर नागपूरला जाऊन दीक्षा घेऊन आलेली. नवरा रेल्वेच्या गँगमध्ये होता, तो तापानं गेला. त्यानंतर बाईनं एकट्या राहणाऱ्या कामगारांसाठी खानावळ घातली. चूल खाली अंगणात, पंगत वर गॅलरीत, आणि दोन्हींच्या मधे तो जिना.

भाडं न्यायला आलेल्या बाबारावांना तिनं सांगितलंही होतं.

"बाबाराव, मधली पायरी हालून राहिली जी."

"हालून राहिली म्हणजे अजून जिवंत आहे," बाबाराव पान चघळत म्हणाले. "मेली का सांग."

मेली तेव्हा सांगायला गिरजाबाई शुद्धीवर नव्हती.

प्लास्टर काढून, काठी टेकत ती दवाखान्यातून परतली तेव्हा चाळीनं तिच्यासाठी मोठं कौतुक मांडून ठेवलं होतं. खालच्या खोलीत राहणारा धोंडबा कारखान्यात सेंट्रिंगचा सुतार. नागपूरच्या या बाजूला आपल्यासारखा रंधा कुणी मारत नाही, असं त्याचं स्वतःचं मत होतं आणि ते तो कुणी न विचारता सांगत असे. बाई पडली त्याच्या दुसऱ्याच दिवशी त्यानं नवी पायरी बसवली होती. फळी रशियन पेटीची; तिकडून मशिनी यायच्या त्या जाडजूड लाकडी पेट्यांमधून. तेव्हा अर्ध्या कैंपाच्या खाटा, दारं, पाळणे त्याच पेट्यांच्या फळ्यांचे होते.

"चढून पाहा बाई!" धोंडबा म्हणाला. "हत्ती चढला तरी कुरकुरनार नाई."

"अन् जुनी पायरी कुठं आहे?"

धोंडबाची बायको रुक्मा लाजली. "तुमच्याच आंघोळीच्या पाण्याखाली लावली जी. म्हटलं, बाई दवाखान्यातून येऊन राहिली, कढत पाणी पाहिजे."

गिरजाबाईनं वाफाळत्या हंड्याकडे पाहिलं, चुलीतल्या राखेकडे पाहिलं.

"वा व रुक्मे! माही साक्ष जाळली, अन् त्याच पाण्यानं मले न्हाऊ घालून राहिली."

रुक्माला काही कळलं नाही. कळायचं कसं? कुणी पडलं की पायरी बसवायची आणि दवाखान्यातून आलं की पाणी तापवायचं, एवढंच आमच्या लोकांना ठाऊक. मोडकी पायरी जपून ठेवायची असते, हे कुणाच्या बापानं ऐकलं होतं!

पण गिरजाबाईनं दवाखान्याच्या खाटेवर पडल्यापडल्या ठरवून टाकलं होतं. पाय आता पहिल्यासारखा होणार नव्हता. जिना चढणं संपलं, म्हणजे वरची पंगत संपली. अंगणात उन्हात बसून जेवायला अर्धी माणसंही राहणार नव्हती. उरलेली गेली की चूलच विझायची. तेव्हा बाबारावांनी भरून द्यायचं, आणि पायरी कुजकी होती हे कोर्टात कबूल करायचं.

चाळ हसली. "जिन्यावर दावा? मंग उद्या गोटा लागला का रस्त्यावर करा!" कुणी सल्ला दिला की बोरसीला जाऊन बाबारावांच्या ओट्यावर दोन अश्रू गाळावे, माणूस वाईट नाही, काहीतरी हातावर ठेवील.

"हातावर कावून ठेवाचं? मोडला तं पाय आहे," गिरजाबाई म्हणाली आणि बसनं दुर्गला जाऊन वकील करून आली.

बाबारावांनीही निरोप पाठवला: जो साक्ष देईल त्यानं आपलं बिऱ्हाड दुसरीकडे बघावं. मग काय विचारता! आपल्या चाळीला जिना आहे की नाही, हेच एकाएकी कुणाला आठवेना. धोंडबा तर रोज त्याच जिन्याखालून बिडी ओढत जायचा आणि वर मान करायचा नाही. त्याला क्वार्टर मिळायचं होतं, तोवर डोक्यावरचं छप्पर कोण घालवणार?

वाईट वाटून एकदा तो म्हणाला, "बाई, मी नवी फळी काढून एखादी सडकी लावून देतो. पाहाणारे येतीन अन् पाहून जातीन."

"नाई धोंडबा. खरं सांगाले चालली मी. खोटी पायरी घेऊन कशी जाऊ?"

कोर्टाचा माणूस पाहणीला आला. त्यानं जिन्यावर उड्या मारून पाहिल्या. जिना हलला नाही. बाबारावांनी त्याला चहा पाजला आणि गिरजाबाईच्या वकिलानं कपाळाला हात लावला.

बाबारावांनी कोर्टात काय लिहून दिलंय ते वकिलानं तिला वाचून दाखवलं. ते ऐकून गिरजाबाई पहिल्यांदा हसली. घरी येऊन मात्र त्याबद्दल चकार शब्द बोलली नाही. तारखेच्या आदल्या दिवशी धोंडबाला म्हणाली, "उद्या बसमधून उतराले हात देजो रे बाबू."

"देतो. पण पहिलेच सांगतो, मी तोंड उघडनार नाई."

"नको उघडू. कान उघडे ठेव म्हणजे झालं."

दुर्गच्या कोर्टात बाबारावांच्या वकिलानं आधी रशियन साहेब काढला. बाई इकडेतिकडे पाहत होती, म्हणून पडली, हे खरं ना?

"माह्या हातात वरण होतं वकीलसाहेब," गिरजाबाई म्हणाली, "दुर्बीण नव्हती."

मागे कुणीतरी खुसखुसलं. वकिलानं लगेच पाहणीचा अहवाल आणि बाबारावांचा लेखी जबाब वर धरला. "हुज़ूर, यह जीना शुरू से ऐसा ही मज़बूत है. हमारे मुवक्किल ने राजनांदगांव से ख़ास मिस्त्री बुलवाया था. बीच की सीढ़ी तो देखने लायक़ है."

बाकावर धोंडबा ताठ झाला. त्याचे कान लाल झाले. गिरजाबाईनं त्याच्याकडे वळूनसुद्धा पाहिलं नाही.

"कोनता मिस्त्री?" धोंडबा उभाच राहिला. "राजनांदगावचा? अरे ते पायरी माही आहे! बाबाराव, माह्या हातचं काम तुमी दुसऱ्याच्या नावावर खपवता?"

शिपाई धावला, बाबारावांनी डोळे वटारले, पण धोंडबाचं क्वार्टर, बिऱ्हाड, छप्पर सगळं त्या क्षणी कुठल्या कुठं गेलं होतं. गिरजाबाईचा वकील तेवढ्यात उठला आणि या माणसाची साक्ष घ्यावी म्हणाला. पिंजऱ्यात उभं राहून धोंडबानं सगळं ओकलं: पायरी कधी बसवली, कशी बसवली, फळी कुठली.

"और पुरानी सीढ़ी?" न्यायाधीशांनी विचारलं.

"पुरानी?" धोंडबा तुच्छतेनं म्हणाला. "वो सीढ़ी थी क्या साहब? मेरी औरत ने चूल्हे में डाली. इतनी सडेली थी की एक हंडे का पानी भी बरोबर नहीं तपा."

निकाल लागायला पावसाळा उलटून गेला. पण लागला तो गिरजाबाईच्या बाजूनं. पायरी कुजकी होती, मालकाला सांगूनही त्यानं लक्ष दिलं नाही, तेव्हा भरपाई त्यानंच द्यावी. धोंडबाचं बिऱ्हाडही जागेवरच राहिलं. त्याला हाकललं तर पुन्हा कोर्ट निघेल, हे बाबारावांना आता पक्कं कळलं होतं.

कोर्टाच्या ओसरीवर बाबाराव तिला आडवे आले. घाम पुसत, दुखावलेल्या आवाजात म्हणाले, "गिरजाबाई, एवढा तमाशा कशाला केला? घरी येऊन दोन शब्द बोलली असतीस तर मी काय नाही म्हटलं असतं?"

गिरजाबाईनं काठी बगलेत नीट बसवली आणि म्हणाली, "घरी आली असती तं तुमी देलंही असतं बाबाराव, अन् गिरजीले मी पोसलं म्हणून जनमभर गावात सांगत फिरले असते. आता सांगाची पाळी माही आहे."